पंधरा वर्षांचा शब्द

क्लिनिकल ट्रायलचा निकाल एखाद्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून येतो तेव्हा त्यावर डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची आणि संख्याशास्त्रज्ञांची नावं असतात. कोऑर्डिनेटरचं नाव असलंच तर आभाराच्या ओळीत. रुग्णाच्या घरच्यांना विचारलं तर त्यांना मात्र तेच नाव आधी आठवतं. डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा एकदा सावकाश सांगणारं ते माणूस असतं. मध्यरात्री ताप चढला की पहिला फोन तिथे जातो. उपचार संपून महिने लोटल्यावरही ‘कसे आहात?’ असं विचारणारा फोन तिथूनच येतो.

छत्तीसगढमधल्या दुर्गच्या एका मराठी घरातल्या बाईंनी हे काम बरीच वर्षं केलं. आजोबा मध्य प्रांताच्या काळात नागपूरकडून दुर्गला आले, वडील भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरीला होते. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत त्या वाढल्या. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी आणि क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा घेऊन मुंबईला गेल्या, कर्करोगाच्या औषधांच्या ट्रायलमध्ये रमल्या, पुढे जनुकीय बदल केलेल्या पेशींच्या ट्रायलकडे वळल्या. आता त्या दुर्गला परतल्या आहेत. त्यांचं आणि त्यांनी जिथे काम केलं त्या रुग्णालयांचं नाव इथे घेतलेलं नाही, रुग्णांच्या ओळखीच्या खुणाही काढून टाकल्या आहेत. हे सगळं त्यांच्याच आग्रहावरून. एकदा रुग्णाला दिलेला गोपनीयतेचा शब्द नोकरी सोडल्यावर संपत नाही, असं त्या म्हणतात.

सुरुवातीची वर्षं गोळ्यांच्या ट्रायलची. ठरलेल्या दिवशी रुग्ण यायचा, रक्त द्यायचा, उरलेल्या गोळ्या मोजून परत करायचा. त्या फॉर्म भरायच्या. एखादी गोळी कमी भरली तर ती कुठे गेली याचा शोध घ्यायचा आणि लिहून ठेवायचं. कंटाळवाणं वाटेल असं काम, पण कागदाला कागद जुळवायची शिस्त त्यांना तिथे लागली. पुढे ती फार उपयोगी पडली.

मग कार-टी आलं.

कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशी माणसाच्या रक्तातच असतात. रक्तातल्या बी-पेशींचा कर्करोग झाला की त्या पेशी टी-पेशींच्या नजरेतून निसटतात. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी यंत्राने वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवतात आणि त्या पुन्हा रुग्णाच्या शिरेतून सोडतात. नव्या जनुकामुळे त्या पेशींवर एक ग्राही (रिसेप्टर) तयार होतो. बी-पेशींवरचं सीडी-१९ नावाचं प्रथिन हा ग्राही ओळखतो आणि धरतो.

छत्तीसगढमधून, विदर्भातून आलेल्या शेतकरी कुटुंबांना हे समजावताना बाईंना शेतच जवळचं वाटलं. तुमच्याच धानाचं निवडक बियाणं आम्ही बाहेर नेणार, त्यावर प्रक्रिया करणार, तोवर जमीन नांगरून मोकळी करणार आणि मग तेच बियाणं पेरणार. नांगरणी म्हणजे पेशी सोडण्याआधीची तीन दिवसांची केमोथेरपी. शेतकऱ्याला पुढचं सांगावं लागत नसे. ‘आणि उगवलंच नाही तर?’ हा प्रश्न तोच विचारायचा. बाईंच्या मते संमतीच्या चर्चेतला तो सगळ्यात मोलाचा प्रश्न होता, आणि इंजिनिअर किंवा बँक मॅनेजर असलेल्या नातेवाइकांपेक्षा शेतकरी तो लवकर विचारत.

मुंबईत त्या काळात या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांना एका घटनेनं उभारी दिली. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत देशी कार-टी पेशी विकसित झाल्या आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर इथल्या अॅक्ट्रेकमध्ये, बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात, ४ जून २०२१ रोजी त्या पहिल्यांदा रुग्णाला दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या उपचाराला, म्हणजे ‘नेक्सकार-१९’ला मंजुरी दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत ते देशाला अर्पण केलं. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये मंजूर झालेल्या ‘किमराया’ या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. इथे ती सुरुवातीला चाळीस लाख रुपयांच्या घरात आली. दुर्गच्या माणसाला चाळीस लाखही डोंगराएवढेच. तरी जे फक्त परदेशात होतं ते खारघरला आलं, हा फरक बाई कमी लेखत नाहीत. बंगळुरूच्या ‘इम्युनील’चं ‘कार्टेमी’ही २०२५ च्या सुरुवातीला आलं.

नेक्सकार-१९ च्या ट्रायलचे निकाल २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. एकूण ६४ रुग्ण. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्क्यांना उपचार लागू पडला. त्याच निबंधात उपचाराशी निगडित दोन मृत्यूंचीही नोंद आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ७३ टक्के दिसले, दोन मृत्यू फारसे दिसले नाहीत. बाई ज्या ट्रायलांमध्ये होत्या तिथेही त्यांनी हाच अनुभव घेतला होता. नातेवाईक यशाचा आकडा पाठ करून यायचे. म्हणून संमतीच्या बैठकीत त्या दुसरा, मृत्यूंचा आकडा आधी सांगू लागल्या. काही डॉक्टरांना ते आवडलं नाही, रुग्ण घाबरून निघून जाईल असं त्यांना वाटे. बाईंच्या आठवणीत त्या कारणानं निघून गेलेलं माणूस नाही. एवढा प्रवास करून आलेली माणसं घाबरण्याच्या पलीकडे गेलेली असतात. त्यांना खरं ऐकायचं असतं.

संमतीचा त्यांचा सगळ्यात मोठा धडा मात्र आकड्यांचा नाही. छत्तीसगढच्या खेड्यातलं माणूस डॉक्टरसमोर नाही म्हणत नाही. ‘हव, हव’ म्हणत मान डोलावतं. ‘समजलं का?’ विचारलं की ‘हव, समझ गेंव.’ पानामागून पान उलटत जातं आणि शेवटी अंगठा उठतो. नियमाप्रमाणे त्रयस्थ साक्षीदार हजर असतो, दुर्बल घटकांतल्या रुग्णासाठी कॅमेराही सुरू असतो, कागदोपत्री सगळं चोख. अशाच एका बैठकीनंतर, कॅमेरा बंद झाल्यावर, रुग्णाच्या बायकोनं बाईंना छत्तीसगढीत हळूच विचारलं, “नोनी, हे इंजेक्शन घेतल्यावर हे बरे होतील हे पक्कं ना?” पाऊण तास जे समजावलं होतं त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. तिला डॉक्टरांसमोर विचारायचा संकोच होता आणि आपल्या बोलीत विचारता आलं म्हणूनच तिनं विचारलं.

बाईंनी ती बैठक दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायला लावली. या वेळी ‘समजलं का?’ हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी रुग्णाला आणि बायकोला सांगितलं, गावी परत गेल्यावर शेजाऱ्यांना काय सांगाल ते आता आम्हाला सांगा. दोघांनी मिळून सांगितलं, अडखळत, एकमेकांचं दुरुस्त करत. जे चुकलं ते पुन्हा समजावलं. त्यात दुपार गेली. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक ट्रायलमध्ये संमतीची बैठक किमान दोन दिवसांत होऊ लागली. नियमात असं कुठे लिहिलेलं नाही, पण नियमात त्याला बंदीही नाही.

या देशात संमतीच्या नावाखाली काय घडू शकतं हे नव्या कोऑर्डिनेटरना शिकवताना बाई एक उदाहरण कधी चुकवत नाहीत. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प चालला. खम्मममध्ये अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं पुढे उघड झालं. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला, संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेली प्रकरणं आणि २०१९ चे नवे नियम यामुळे भरपाई आणि जबाबदारी बरीच स्पष्ट झाली. जनुकीय उपचारांसाठी आयसीएमआरची वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही २०१९ मध्येच आली.

परदेशातलं उदाहरण त्याहून जुनं आहे. जेसी गेल्सिंगर अठरा वर्षांचा होता. यकृतातल्या एका एन्झाइमच्या कमतरतेचा त्याचा आजार औषधं आणि पथ्यावर आटोक्यात होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जनुकीय उपचाराच्या ट्रायलमध्ये तो पुढे याच आजारानं जन्मणाऱ्या बाळांसाठी म्हणून सहभागी झाला. विषाणू टोचल्यावर चारच दिवसांत, १७ सप्टेंबर १९९९ रोजी, तो गेला. त्याआधीच्या रुग्णांमध्ये दिसलेल्या गंभीर परिणामांची आणि माकडांच्या मृत्यूंची माहिती संमतीपत्रातून त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. त्यानंतर हे सगळं क्षेत्र वर्षानुवर्षं मागे पडलं. बाई म्हणतात, या मुलाला स्वतःला काही मिळायचं नव्हतं, तो द्यायला आला होता. ट्रायलमध्ये येणारं प्रत्येक माणूस थोड्याफार प्रमाणात देणारं असतं. रुग्णालयात मात्र त्याला घेणाऱ्यासारखं वागवलं जातं.

प्रत्यक्ष कामाचे दिवस लांबच लांब असत. पेशी वेगळ्या काढताना, म्हणजे अफेरेसिसला, रुग्ण तासन्‌तास यंत्राला जोडलेला, दोन्ही हात सरळ. ओठांना मुंग्या येऊ लागल्या की कॅल्शियम द्यायचं. पेशी प्रयोगशाळेत गेल्या की वाट पाहणं सुरू. या काळात आजार थांबत नाही. पेशी वाढत असतात आणि गाठीही वाढत असतात. रुग्ण आणि सोबतचे कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कुणी नातेवाइकाच्या एका खोलीत. शेवटी पेशींची गोठवलेली पिशवी येते, कोमट पाण्यात वितळवतात आणि काही मिनिटांत ती शिरेतून संपते. गोठवताना वापरलेल्या रसायनाचा लसणासारखा वास खोलीभर पसरतो. बहुतेक नातेवाईक चकित होऊन विचारतात, “झालं? एवढंच?”

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पेशी कर्करोगावर तुटून पडल्या की शरीरात सायटोकाइन नावाच्या रसायनांचा लोंढा येतो. ताप, रक्तदाब खाली, श्वास जड. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही सहा-सात वर्षांची मुलगी यातूनच मरणाच्या दारात गेली होती. संधिवातासाठी वापरलं जाणारं टोसिलिझुमॅब डॉक्टरांनी तिला दिलं आणि ती परत आली. आज जगभर कार-टीच्या प्रत्येक वॉर्डात ते औषध आधीच आणून ठेवलेलं असतं. ताप आला म्हणजे उपचार लागू पडला, अशी समजूत वॉर्डात एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे पसरते. ज्यांना ताप येत नाही ते हिरमुसतात. बाईंना रोज संध्याकाळी खाटेखाटेवर जाऊन सांगावं लागे की तापाचा आणि यशाचा असा हिशेब मांडता येत नाही.

या उपचाराचा मेंदूवर होणारा परिणाम ओळखण्यासाठी रुग्णाला रोज काही प्रश्न विचारतात. कोणतं साल, कोणता महिना, कोणतं शहर, कोणतं रुग्णालय. तीन वस्तूंची नावं सांगा. शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटे मोजा. एक वाक्य लिहा. दहापैकी गुण. अक्षर बिघडणं ही फार लवकर दिसणारी खूण असते.

एका वयस्क शेतकऱ्याला लिहिता येत नव्हतं. उलटे दहा-दहा मोजण्याची सवय नव्हती. आपण कुठल्या शहरात आहोत हे त्यांना माहीत होतं, रुग्णालयाचं इंग्रजी नाव नव्हतं. ठणठणीत असताना त्यांचे गुण इतके कमी आले की उद्या खरोखर काही बिघडलं तर कळणार कसं, हा प्रश्न उभा राहिला. बाईंनी त्यांच्याजवळ बसून गप्पा मारल्या. ते धान कोरीत मोजत, वीस-वीसच्या हिशेबात. पाच कोरी, चार कोरी, तीन कोरी, असं उलटं मोजणं त्यांना सहज जमलं. लिहिण्याऐवजी ते बैलजोडी काढायचे, दोन बैल आणि मध्ये जू. डॉक्टरांशी बोलून स्पॉन्सरला लिहिलं, मूळ प्रश्नांसोबत हेही नोंदवायची परवानगी घेतली. पेशी दिल्यावर काही दिवसांनी सकाळी त्यांनी काढलेल्या चित्रात जू बैलांच्या खाली घसरलं होतं, रेघा थरथरत होत्या. बाकी बोलणं ठीक होतं. डॉक्टरांनी लगेच तपासलं, स्टेरॉइड सुरू केलं. दोन दिवसांनी बैल जुवाला लागले.

जगात कुठेतरी तयार झालेला फॉर्म दुर्गच्या माणसाला लागू पडेलच असं नाही, हे त्या दिवशी सगळ्या टीमला कळलं. फॉर्म बदलायला वेळ लागतो, परवानग्या लागतात, स्पॉन्सरची माणसं वैतागतात. पण सुरुवातीलाच स्थानिक माणसाला विचारलं तर पुढचं बरंच टळतं.

सगळ्या गोष्टी अशा संपल्या नाहीत. एका तरुणाच्या पेशी तयार होऊन आल्या तेव्हा तो त्या घेण्याच्या अवस्थेत उरला नव्हता. फुप्फुसात संसर्ग झाला होता. पिशवी फ्रीझरमध्ये राहिली आणि तो गेला. देह न्यायची व्यवस्था करताना त्याच्या वडिलांनी विचारलं, “त्याच्या पेशी तुमच्याकडे आहेत ना? त्यांचं काय करणार?” प्रोटोकॉलमध्ये उत्तर होतं, ठरावीक पद्धतीनं नष्ट करायच्या. ते वाक्य एका बापाला सांगणं वेगळं. बाईंनी सांगितलं, आणि ज्या दिवशी ते होईल त्या दिवशी कळवेन असंही सांगितलं. त्याप्रमाणे त्यांनी फोन केला. पुढच्या प्रत्येक संमतीपत्राच्या चर्चेत न वापरलेल्या पेशींचं काय होतं, हा मुद्दा त्या स्वतःहून काढू लागल्या.

कार-टीसारख्या जनुकीय उपचाराच्या ट्रायलमध्ये आलेल्या रुग्णावर पंधरा वर्षं लक्ष ठेवावं, असं अमेरिकेचं औषध प्रशासन सांगतं. जगभर हाच दंडक रूढ होत गेला आहे. कारण घातलेलं जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचं बसतं आणि कुठे बसेल यावर पूर्ण ताबा नसतो. पॅरिसमध्ये रोगप्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषासाठी जनुकीय उपचार घेतलेली मुलं बरी झाली आणि त्यांच्यातल्या काहींना २००२ नंतर ल्युकेमिया झाला, तो याच कारणानं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत कार-टी उपचारांवर टी-पेशींच्या नव्या कर्करोगाचा इशारा छापायला लावला गेला. प्रमाण फार थोडं, पण ते थोडं आहे हे कळलं, कारण कुणीतरी वर्षानुवर्षं नोंद ठेवत होतं.

पंधरा वर्षांचा हा शब्द कागदावर रुग्ण देतो. तो पाळायला लागणारे पैसे, वेळ आणि हेलपाटे यांचा विचार त्या कागदावर नसतो. दुर्ग ते मुंबई रेल्वेनं अकराशे किलोमीटरच्या आसपास. जायला एक दिवस, तपासणीला एक, यायला एक. बालोदकडच्या एका रुग्णाचा फॉलोअप थांबला, फोन बंद लागू लागला. फाइलवर ‘संपर्क तुटला’ असा शेरा मारून ती बाजूला ठेवणं सोपं होतं, बऱ्याच ठिकाणी तेच होतं. दिवाळीत बाई घरी आल्या तेव्हा भावाला घेऊन त्याच्या गावी गेल्या. तो शेतात धान कापत होता, चांगला धडधाकट. मोबाइल नंबर बदलला होता. मुंबईला न येण्याचं कारण त्यानं साधं सांगितलं. गाडीभाडं रुग्णालय परत देतं, पण नंतर, पावत्या दिल्यावर. आधी उसने काढावे लागतात. तीन दिवसांची मजुरी जाते, ती कुणीच देत नाही. शिवाय तब्येत ठीक आहे, मग डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा?

त्या भेटीनं बाईंचं कामाकडे बघणं पालटलं. रुग्ण शब्द मोडतो अशी तक्रार त्यांनी बैठकांमधून अनेकदा ऐकली होती. त्यांना दिसलं की संस्थेनं आपल्या बाजूचा शब्द नीट दिलेलाच नव्हता. त्यानंतर त्यांनी हट्टानं काही गोष्टी करून घेतल्या. तिकिटं आधी काढून पाठवायची. बुडालेल्या मजुरीचे पैसे एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्यायचे. ज्या तपासण्या रायपूर-भिलाईला होऊ शकतात त्या तिथेच करायच्या. प्रत्येक रुग्णाच्या गावातल्या दोन माणसांचे नंबर ठेवायचे, एक मितानिन दीदीचा, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेचा असला तर उत्तम. खर्च फार वाढला नाही आणि फॉलोअप सुटणं कमी झालं.

दुर्गला परतण्यामागे घरची कारणं होती, पण आणखी एक होतं. त्यांच्या जिल्ह्यात कार-टी ज्यावर वापरतात त्या कर्करोगांपेक्षा मोठा प्रश्न सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा आहे, आणि जनुकीय उपचारांची पुढची मोठी लाट तिथेच येणार हे त्यांना दिसत होतं. डॉ. प्रदीप पात्रा आणि सहकाऱ्यांनी छत्तीसगढमध्ये २००७ ते २०१० या काळात साडेतीन लाखांहून अधिक जणांची तपासणी केली तेव्हा शंभरांत सुमारे नऊ जण वाहक निघाले. इकडे विदर्भात नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये या आजारावर लिहिलं होतं. गडचिरोली, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग हा सलग पट्टा आहे, राज्याची सीमा रक्ताला कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे उद्दिष्टाचं साल.

ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलवरच्या ‘कॅसजेव्ही’ला मंजुरी दिली, तेव्हा जनुक संपादित करणाऱ्या क्रिस्पर तंत्रानं केलेला उपचार पहिल्यांदा ट्रायलबाहेर आला. ज्यांचे निकाल मोजता आले त्या ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग वर्षभर तीव्र वेदनांच्या झटक्यांशिवाय राहिले. तेव्हाची किंमत बावीस लाख डॉलर. भारतात सीएसआयआरच्या दिल्लीतल्या आयजीआयबी संस्थेनं विकसित केलेला ‘बिरसा १०१’ हा देशी क्रिस्पर उपचार १९ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर झाला, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं. वेल्लोरच्या सीएमसीत हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर झालेल्या जनुकीय उपचाराचे निकालही आश्वासक आले आहेत. उपचारानंतर त्यांच्यापैकी कुणालाही रक्तस्राव झाला नाही.

बाई आता सिकलसेलच्या तपासणी शिबिरांत समुपदेशन करतात. बातम्या वाचून येणारे आईवडील विचारतात, “ते जीनचं इंजेक्शन कधी येणार?” त्यांना आधी हे सांगावं लागतं की ते एक इंजेक्शन नाही. रक्तातल्या मूळपेशी अनेकदा यंत्रावर बसून काढाव्या लागतात. मग बुसल्फान नावाच्या जहाल औषधानं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. केस जातात, तोंड सोलवटतं, महिनाभराहून अधिक काळ रुग्णालयात राहावं लागतं. आणि त्या औषधानं पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते.

हे शेवटचं वाक्य बोलताना खोलीत शांतता पसरते. लग्नाच्या वयाच्या मुलीचे वडील बहुतेक वेळा विषय तिथेच थांबवतात. एका मुलीनं मात्र नंतर एकटीनं येऊन विचारलं होतं, आधी अंडपेशी साठवून ठेवता येतात का आणि त्याचा खर्च कोण करणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. दुसऱ्याचं उत्तर ट्रायल आखतानाच ठरायला हवं, असं बाईंचं ठाम मत आहे. वंध्यत्व येऊ शकतं असं छापून मोकळं व्हायचं आणि त्यावरचा उपाय रुग्णाच्या खिशावर सोडायचा, हे त्यांना मान्य नाही. ज्या समाजात सिकलसेलच्या कार्डामुळे आधीच मुलींची लग्नं मोडतात, तिथे तर नाहीच.

आणखी एक गैरसमज फार खोलवर आहे. उपचार झाला की पुढच्या पिढीला हा आजार जाणार नाही, असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. जनुकातला बदल रक्त तयार करणाऱ्या पेशींत होतो, अंडपेशी किंवा शुक्रपेशींत होत नाही. बरा झालेला रुग्णही सिकलचं जनुक मुलांना देणारच. म्हणून जोडीदाराची तपासणी, साधी रक्ताची, स्वस्त, आज आपल्या हातात असलेली, तिची गरज उपचार आल्यावरही संपत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळीही तशीच. वेदनांचे झटके ती कमी करते, महाग नाही, पण नियमित घ्यावी लागते. उद्याच्या उपचाराच्या आशेनं आजची गोळी सोडलेली मुलं बाईंनी पाहिली आहेत, त्याची त्यांना फार चिंता वाटते.

सिकलसेलच्या जनुकीय ट्रायल या भागात येतील तेव्हा पंधरा वर्षांचा फॉलोअप रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, गोंदियात व्हावा, रुग्णाला दर वेळी महानगर गाठायला लावू नये, एवढी त्यांची मागणी आहे. ती वैज्ञानिकदृष्ट्याही बरोबर आहे. निम्मे रुग्ण वाटेत गळाले तर त्या ट्रायलचा निष्कर्ष कुणाच्याच कामाचा राहत नाही.

तोवर शिबिरात त्या लोकांना काही गोष्टी आवर्जून सांगतात. कुणी ट्रायलसाठी विचारलं तर सीटीआरआय या ट्रायलच्या नोंदवहीतला क्रमांक मागा. २००९ पासून देशातल्या प्रत्येक ट्रायलची तिथे आधी नोंद करणं बंधनकारक आहे आणि ती कुणालाही फुकट बघता येते. त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते विचारा. एथिक्स कमिटीचा फोन नंबर कागदावर आहे का ते बघा. घरी नेऊन चार लोकांशी बोलायला वेळ मागा. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार कुणी थांबवू शकत नाही. संमतीपत्राची एक प्रत तुमच्या हातात राहिलीच पाहिजे. न मागता मिळाली नाही, तर मागून घ्या.